कोरी सही, जुनी गाडी

सेकंडहँड वस्तूंशी माझं वैर नाही. आमच्या घरातलं कपाट सेकंडहँड आहे, माझे बरेचसे विनोद सेकंडहँड आहेत, आणि विरार लोकलमध्ये माझ्या वाट्याला येणारी हवा तर बाराव्या-तेराव्या नाकातून आलेली असते. माझं भांडण आहे ते एका वाक्याशी : "सही करून देतो, नाव सावकाश करून घ्या!"

वीस वर्षं मी विरार ते चर्चगेट करतोय. साठेक किलोमीटर जायचं, तेवढंच यायचं, आणि तेही कुणाच्या तरी कोपराखाली मान घालून. अशा माणसाला चाळिशीनंतर स्वप्नात मोकळा हायवे दिसू लागतो. (शिरसाड फाट्याची रहदारी ज्यांनी पाहिली आहे, त्यांनी खुशाल हसावं.) लांब पल्ल्याची मोटारसायकल घ्यायची ठरली. नवी परवडेना. बोळींजच्या एका गृहस्थांकडे थंडरबर्ड होती. २०२० साली ही गाडी निघायची बंद झाली, त्यामुळे तिला आता घराण्याचा मान आलाय. हँडल असं उंच, की आरामखुर्चीत पेपर धरून बसल्यासारखं वाटावं.

"लडाखला दोनदा जाऊन आलीय," गृहस्थ म्हणाले.

मीटरवर होते नऊ हजार किलोमीटर. इथून लेहला एकदा जाऊन यायचं तरी पाच हजाराच्या आसपास होतात. मी बी. कॉम. आहे. माझा ताळेबंद जुळेना. बहुधा दुसऱ्या खेपेला येताना गाडी रेल्वेने आली असावी. पायाखालचं रबर मात्र नाणेघाटाच्या पायऱ्यांइतकं झिजलेलं.

तरीही मी घेतली असती. प्रेमात माणूस मीटर बघत नाही. पण कागद निघाले. आरसीवर नाव नाशिकच्या कुणा तिसऱ्याच माणसाचं. गृहस्थांनी गाडी घेतली होती एका मधल्याकडून, आणि त्या मधल्याने नाशिककरांकडून. २९ आणि ३० नंबरचे फॉर्म मात्र तयार! खाली नाशिककरांची सही, शाई फिकी झालेली. घेणाऱ्याचं नाव कोरं, तारीख कोरी.

वाचकहो, मी बँकेत सह्या तपासतो. एक वेलांटी वाकडी पडली म्हणून सख्ख्या मावसभावाचा चेक मी परत पाठवलाय. तो अजून आमच्याकडे गणपतीला येत नाही. जो माणूस मरेपर्यंत कोऱ्या चेकवर सही करणार नाही, तोच गाडी विकताना कोऱ्या फॉर्मवर झोकदार सही ठोकतो आणि वर चहा पाजतो!

कायदा काही गूढ नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं ५० वं कलम सांगतं, की राज्यातल्या राज्यात गाडी विकली तर विकणाऱ्याने १४ दिवसांत कळवायचं, घेणाऱ्याने ३० दिवसांत. "सगळे असंच करतात हो," गृहस्थ म्हणाले. लोकलच्या दारात लटकणारेही हेच म्हणतात. एकाने २००७ साली मोटार विकली. ती हातोहात पुढे गेली, नाव मात्र पहिल्याचंच राहिलं. २००९ साली तिने अपघात केला. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, आरसीवर ज्याचं नाव तोच मालक, भरपाई त्याने द्यायची. दोन वर्षांपूर्वी विकलेली गाडी! चालवत होता भलताच.

हे सगळं मी गृहस्थांना ऐकवलं. ते म्हणाले, "तुम्हाला गाडी घ्यायची नाहीये, असं सरळ सांगा ना." घरी सौ. म्हणाली, "बरं झालं. तसंही मागे बसून माझी कंबर गेली असती."

महिन्याभरात तीच थंडरबर्ड आमच्या सोसायटीत आली. दुसऱ्या मजल्यावरच्या जोशीला बाविशीत बुलेट हवीच होती. सकाळी तो ती अशी काही सोडतो, की आमच्या खिडकीची काच थरथरते. नाव केलं का, विचारलं, तर म्हणाला, "काका, सही आहे ना!"

आरसीवरचा पत्ता मी त्या दिवशी टिपून घेतला होता. परवा नाशिकला एक पोस्टकार्ड टाकलंय.