चाळीस ताटांचा हिशेब

शहागडाहून एका भगिनींचें पत्र आलें आहे. गोदाकांठचें घर, पतिपत्नी, दोन मुलें आणि त्र्याहत्तर वर्षांच्या सासूबाई, अशीं पांच माणसें. २०२५ च्या सप्टेंबरांत अतिवृष्टि झाली आणि जायकवाडींतूनहि पाण्याचा मोठा विसर्ग करावा लागला, तेव्हां गोदाकांठचीं पुष्कळ शेतें पाण्याखालीं गेलीं. ह्या कुटुंबाचा कापूसहि त्यांतच गेला. सासूबाईंनीं जन्मभर गोदावरी पाहिली, समुद्र मात्र एकदांहि पाहिला नाहीं. वास्तविक गोदामाई मिळते ती पूर्वसमुद्राला. पण तो फार दूर, आणि सासूबाईंचा कोणत्याच समुद्राविषयीं आग्रह नाहीं. म्हणून कोंकणांतील दिवेआगर ठरलें. यजमानांनीं हिशेब मांडला आणि "पुढच्या वर्षीं पाहूं" असें म्हणून वही मिटली. भगिनी विचारतात, पुढच्या वर्षीं सासूबाईंचे गुडघे एवढा प्रवास करूं देतील असें कोणी सांगावें?

वही त्यांनीं आम्हांस उतरवून पाठविली, हें फार बरें केलें. प्रवासाचा आंकडा जड नाहीं. २०२३ च्या मार्चपासून एस्. टी. नें स्त्रियांना निम्मे भाडें केलें आहे. खोलीहि आटोक्यांत आहे. घोडें अडलें आहे तें जेवणावर. पांच माणसें, चार दिवस, दोन वेळां, म्हणजे चाळीस ताटें. ताटाला दोनशें रुपये धरून आठ हजार. त्यावर चहा, फराळ, सरबतें, पाण्याच्या बाटल्या मिळून चार हजार. एकूण बारा हजार! यजमानांचें गणित चुकलेलें नाहीं. चुकली आहे ती चाळीस ही संख्या.

जाण्याचा पहिला दिवस सबंध गाडींत जातो. पुण्यापर्यंत एक मजल, पुढें ताम्हिणी घाटानें माणगांव आणि तेथून दिवेआगर. त्या दिवसाचीं दहा ताटें मुळींच विकत घेऊं नयेत. मराठवाड्यांतील गृहिणीला शिदोरी शिकवावी एवढे आम्ही धीट नाहीं; दुधांत मळलेल्या दशम्या आणि कारळाची किंवा जवसाची चटणी ह्यांच्या तोडीचें जेवण गाडी थांबते त्या हॉटेलांत मिळत नाहीं. फक्त एक सूचना. किनाऱ्यावरची हवा दमट असते. शहागडास दशमी जितकी टिकते तितकी तेथें टिकेल असें समजूं नये. दुसऱ्या दिवशीं सकाळीं उरलेली संपवून टाकावी. धपाटे करावयाचे तर कांदा घालूं नये. चिवड्याविषयीं आम्ही अनुभवानें सांगतों: एका वर्षीं आम्ही मोठ्या हौसेनें दोन शेर चिवडा कापडी पिशवींतून नेला, आणि दुसऱ्या दिवशीं तो कोणी तोंडांत धरीना. चिवडा घट्ट झांकणाच्या डब्यांतच न्यावा. सातूचें पीठ, मेतकूट, गूळ-शेंगदाणे आणि लाडू मात्र निर्धास्त न्यावेत.

मधल्या दोन दिवसांचा विचार निराळा. दिवेआगरास कित्येक घरीं पाहुण्यांची उतरण्याची व जेवणाची सोय होते. तेथें पाटी वाचून ऐनवेळीं जाण्यापेक्षां आदल्या रात्रीं माणसें मोजून सांगावें. सांगितलेलें जेवण ताजें मिळतें आणि यजमानीणबाईंचेंहि अन्न वायां जात नाहीं. दुपारचीं ताटें पांच न घेतां चार घ्यावीं. दोन मुलांत एक पुष्कळ होतें; मात्र तसें चालेल का हें आधींच विचारावें, पंगतींत बसल्यावर घासाघीस करूं नये. रात्रीं मेतकूट-भात किंवा मुगाची खिचडी. त्यासाठीं खोली ठरवितांनाच "शेगडी वापरूं द्याल का?" असें विचारून घ्यावें. कित्येक ठिकाणीं हा प्रश्न विचारावयास लोकांना संकोच वाटतो. कां, तें आम्हांस कधींच कळलेलें नाहीं. सासूबाईंना तरी रात्रीं मऊ भातच मानवेल.

परतीच्या दिवसाकरितां त्याच घरीं पोळ्या आणि कोरडी भाजी बांधून मागावी. ह्या रीतीनें चाळीस ताटांची आठ ताटें होतात, म्हणजे सोळाशें रुपये. बांधून घेतलेल्या पोळ्या, दूध, चहा, फळें आणि घरचा शिधा धरला तरी सारा खर्च आमच्या अंदाजें पांच हजारांपलीकडे जाऊं नये.

खरी गळती वाळूवर होते. समुद्रांत भिजलेलें पोर बाहेर येतें तें भुकेनें व्याकुळ होऊनच, आणि समोर भेळेची गाडी उभीच असते. पाण्यांत उतरण्यापूर्वीं प्रत्येकाच्या हातावर एक एक लाडू ठेवावा. निम्मा हट्ट तेथेंच विरतो. यजमानांना दर तासानें चहा लागत असल्यास (पत्रांत तसा सूर दिसतो) त्यांच्या नांवानें थर्मास भरून घ्यावा.

पाण्याची बाटली घेणें पडलीच तर ती दुकानांतून घ्यावी. दुकानदाराला छापील किमतीहून अधिक घेतां येत नाहीं. हॉटेलांत टेबलावर आणून दिलेल्या बाटलीस मात्र ही मर्यादा लागू नाहीं, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें २०१७ च्या डिसेंबरांत दिला. तसेंच बिलांत "सेवाशुल्क" आपोआप जोडूं नये, असें केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानें २०२२ मध्यें सांगितलें, आणि दिल्ली उच्च न्यायालयानें २०२५ च्या मार्चांत तें उचलून धरलें. तेव्हां बिल वाचल्यावांचून पैसे देऊं नयेत. परंतु पाण्यांतच काटकसर करूं नये. वृद्ध माणसें तहान लागली तरी सांगत नाहींत.

आणि एका गोष्टींत हात मुळींच आंखडूं नये. एका दुपारीं उकडीचे मोदक अवश्य सांगावे, वर नारळाच्या रसांतली सोलकढी. त्या दिवशीं सासूबाईंना पुरतें ताट मिळूं द्यावें, मग त्यांच्यानें निम्मेंच खावलें तरी चालेल. शहाळें वाळूवर न घेतां एखाद्या वाडींतून घ्यावें.

येतांना सरबताच्या बाटल्यांचें ओझें आणूं नये. त्यांत साखरच अधिक असते. त्याऐवजीं पावशेर आमसुलें आणावीं. चार-पांच आमसुलें तासभर पाण्यांत भिजवून कुस्करावीं, गूळ, मीठ व भाजलेल्या जिऱ्याची पूड घालून गाळून घ्यावें. शहागडच्या उन्हाळ्यांत तें बरेच दिवस पुरेल.

दिवाळीनंतरचे, पण नाताळच्या गर्दीपूर्वींचे दिवस निवडावे, आणि शनिवार-रविवार टाळावे. यजमानांना हा हिशेब वहीसकट दाखवावा. परत आल्यावर आमचा आंकडा कितपत चुकला तें भगिनींनीं अवश्य कळवावें, आणि सासूबाईंना समुद्र कसा वाटला तेंहि.