चिन्हांकनाचे अद्यतनीकरण: तांत्रिक काम की संहितासंपादन?

जुन्या जालपृष्ठांचे चिन्हांकन नव्या प्रमाणांनुसार अद्ययावत करणे हे निव्वळ तंत्रज्ञाचे काम होय, अशी समजूत साहित्याच्या अभ्यासकांत रूढ आहे. संहिता तीच राहते, बदलतो तो तिचा वेश, हे या समजुतीमागचे गृहीतक. आशय आणि अभिव्यक्ती यांचे द्वैत समीक्षेने वर्गात कितीदा तरी खोडून काढले. तेच द्वैत संगणकाच्या दाराने परतत असता समीक्षक मौन बाळगून आहेत.

एचटीएमएल या चिन्हांकनभाषेच्या चौथ्या आवृत्तीने १९९७ साली ‘फाँट’ची खूण टाळावी असे सुचविले, २०१४ च्या पाचव्या आवृत्तीने ती कालबाह्य ठरविली. रचना चिन्हांकनात असावी, रूप शैलीपत्रकात, हे त्यामागचे तत्त्व. तत्त्व म्हणून ते निर्दोष आहे. परंतु युनिकोड रूढ होण्यापूर्वीच्या पुष्कळ मराठी पृष्ठांत ‘क’ नावाचे अक्षर मुळी नव्हतेच. होते ते रोमन अक्षरांचे संकेतांक आणि त्यांना देवनागरी रूप देणाऱ्या फाँटचे नाव. म्हणजे ती खूण अलंकरण नव्हती. मजकूर मराठी आहे याचा बहुधा तोच एकमेव पुरावा होता. ती काढली की पृष्ठ प्रमाणशुद्ध होते आणि कविता निरर्थक.

यावर, आधी युनिकोडमध्ये रूपांतर करावे, असे उत्तर दिले जाते. ते आवश्यकच आहे. जुने फाँट नाहीसे झाल्यावर ती पृष्ठे वाचणार कोण? पण रूपांतर हेही वाचनच असते. ‘आचाऱ्यांना’ यातील अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो. त्यांपैकी एका प्रकारात एक अदृश्य जोडचिन्ह लागते. मजकुराच्या ‘सफाई’त ते पुसले गेले, की स्वयंपाकी ‘आचार्यांना’ होतो. दोन्ही शब्द शुद्ध असल्याने यंत्राला चूक दिसत नाही.

तिरप्या अक्षरांचेही तसेच. कथेत ती कधी परभाषेतील शब्द दाखवितात, कधी ग्रंथनाम, कधी पात्राचे स्वगत. पाचव्या आवृत्तीने वेगळ्या स्वरासाठी ती खूण राखली आहे. तरीही सरसकट तिच्या जागी ‘जोर’ दर्शविणारी खूण घातली जाते. निवेदकाचा स्वर कोणता, याचा निर्णय अशा रीतीने शोध-बदल आज्ञेवर सोपविला जातो. कवितेच्या ओळीआधी मुद्दाम सोडलेली मोकळी जागा तर केवळ कचरा म्हणून जाते.

साहित्याच्या अभ्यासकाने संगणकाच्या खुणा का शिकाव्यात, हा प्रश्न पाठचिकित्सेची परंपरा असलेल्या प्रदेशात विचारला जावा, हे खेदजनक आहे. पुण्याच्या भांडारकर संस्थेची महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९६६ साली पूर्ण झाली. तिच्यातील पाठभेदांसाठी अभ्यासकांनी हस्तलिखितांच्या लिप्या आणि लेखकूंचे प्रमाद अभ्यासले. ते काम कोणी नकलनविसाचे मानले नाही. केवळ जालावर लिहिले गेलेले, कधीही न छापलेले मराठी लेखन मात्र विनातळटीप, विनास्वाक्षरी बदलले जात आहे.

प्रमाणांना विरोध करण्याचे कारण नाही. मूळ धारिका अबाधित ठेवावी, प्रत्येक बदलाची नोंद करावी आणि त्याखाली संपादकाचे नाव असावे, एवढेच अपेक्षित आहे. मराठी विभागांनी ही जबाबदारी नाकारली, तर उद्याचा संशोधक ज्या संहितेवर प्रबंध लिहील ती लेखकाची नसेल, आणि ते कळण्याचा मार्गही त्याच्यापाशी उरलेला नसेल.