गुन्ह्याची बातमी आणि जातीची नोंद

१ जानेवारी २०१३ या दिवशी नेवासे तालुक्यातील सोनईजवळ, गणेशवाडीच्या शिवारातील एका वस्तीवर, मेहतर समाजातील तीन तरुणांना संडासाची टाकी साफ करावयाची आहे असे सांगून बोलावून घेण्यात आले आणि तेथे त्यांची निर्घृण हत्या करण्यात आली. तिघेही नेवासे फाट्याजवळच्या एका शिक्षणसंस्थेत सफाईचे काम करीत. त्यांपैकी एकाचे एका मराठा मुलीशी प्रेमसंबंध होते आणि ते तिच्या घरच्यांना असह्य झाले होते. प्रेते संडासाच्या टाकीत आणि कोरड्या विहिरीत मिळाली. खटला पुढे नाशिकला वर्ग झाला, आणि २० जानेवारी २०१८ रोजी तेथील सत्र न्यायालयाने सहा जणांना फाशीची शिक्षा फर्मावली.

या हत्याकांडाचे वर्णन ‘प्रेमप्रकरणातून तिहेरी खून’ अशा ठराविक शब्दांत करण्याची जी सवय आपल्या वृत्तलेखनाला जडली आहे, तिच्याविषयी मला येथे लिहावयाचे आहे. प्रेम एकाचे होते. मारले गेले तिघे. उरलेल्या दोघांचा अपराध काय, या प्रश्नाचे उत्तर त्या शब्दांत सापडत नाही. उलट ज्या आमिषाने तिघांना वस्तीवर नेण्यात आले, ते आमिषच त्यांच्या जातीवर बेतलेले होते. कारण दुसऱ्याच्या घरच्या मैल्याची टाकी उपसण्यास बोलावले असता ज्याच्या मनात शंकाही येऊ नये, असा माणूस आपल्या समाजाने एका विशिष्ट जातीतच पिढ्यानपिढ्या घडवून ठेवला आहे. गुन्ह्याचा हेतू, त्याचे साधन आणि प्रेतांची विल्हेवाट, या तिन्ही ठिकाणी जात हजर असताना मथळ्यातून मात्र ती नाहीशी व्हावी, याला मी केवळ शब्दांची काटकसर मानावयास तयार नाही.

दिल्लीतील १६ डिसेंबर २०१२ च्या अत्याचाराने त्या वेळी सारा देश हादरला होता. ती तरुणी २९ डिसेंबरला मरण पावली आणि अवघ्या तीन दिवसांनी सोनईची घटना घडली. दिल्लीच्या दुःखाला मिळालेले प्रत्येक अक्षर योग्यच होते. परंतु त्याच आठवड्यातील या तीन मृत्यूंना राजधानीच्या पत्रसृष्टीत जवळजवळ जागा मिळाली नाही. सोनईपासून काही किलोमीटरांवर असलेल्या शनिशिंगणापुरास, स्त्रियांच्या चौथऱ्यावरील प्रवेशाचा प्रश्न २०१६ साली पेटला तेव्हा, देशभरचे कॅमेरे येऊन पोहोचले. रस्ता दूरचा होता म्हणून कोणी आले नाही, असे म्हणावयास त्यामुळे जागा उरत नाही.

याआधी खैरलांजी होऊन गेली होती. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातील त्या गावी एका दलित कुटुंबातील आई, मुलगी आणि दोन मुलगे मारले गेले, आणि प्रारंभीच्या हकीगतीत काय आले, तर आईचे कथित अनैतिक संबंध. जमिनीचा जुना तंटा आणि मारहाणीच्या एका प्रकरणात तिने दिलेली जबानी या गोष्टी मागाहून, नागपूर आणि विदर्भ रस्त्यावर उतरल्यानंतर वाचकांपुढे आल्या. मेलेल्या स्त्रीच्या चारित्र्याचा उल्लेख एकदा छापला गेला की वाचकाची सहानुभूती आटते, आणि ती पुन्हा जागी करण्यास महिने लागतात. पुढे विशेष न्यायालयाने आणि उच्च न्यायालयानेही त्या हत्येमागे जातीय हेतू मानला नाही, सूड मानला. न्यायालयाचा तो निष्कर्ष मान्य नसणारे पुष्कळ आहेत. मीही त्यांतला आहे.

आता याच पत्रसृष्टीची दुसरी बाजू पाहावी. पीडिताची जात गाळणारी लेखणी आरोपीची जात लिहिताना अडखळत नाही. नगर जिल्ह्यात कोठे दरोडा पडला आणि संशयित पारधी असला, तर ‘पारधी टोळी’ हे शब्द मथळ्यात येतात; मुद्देमाल हस्तगत होण्यापूर्वी, आरोपपत्र दाखल होण्यापूर्वी संपूर्ण जमात आरोपीच्या पिंजऱ्यात उभी राहते. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मालाच गुन्हा ठरविले होते; तो कायदा १९५२ साली रद्द झाला, पण पोलीस दप्तरातील त्याची भाषा आजही बातमीत सुखाने नांदते. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये १९८९ साली झालेल्या अत्याचाराबद्दल पाच कृष्णवर्णीय आणि लॅटिनो मुलांना पकडण्यात आले, तेव्हा तेथील वृत्तपत्रांनी त्यांना लांडग्यांचा कळप म्हटले. २००२ साली ती मुले निर्दोष ठरली, तेव्हा त्यांची उमेदीची वर्षे तुरुंगात गेली होती. आपल्याकडे अशा संशयाचा शेवट १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाड्यास झाला. मुले पळविणारे आले, या अफवेवर नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठेचून मारले. अफवा मोबाईलवरून आली हे खरे; पण भटका म्हणजे संशयित हे समीकरण मोबाईलपूर्वीच रूढ झाले होते, आणि ते रूढ करण्यात छापील शब्दाचा वाटा मोठा आहे.

भारतीय प्रेस कौन्सिलने याविषयी नियम घालून दिलेला आहे. गुन्ह्याशी जातीचा काही संबंध नसेल, आणि आरोपीची ओळख पटविण्यास वा कामकाजास तिचा उपयोग नसेल, तर आरोपीचे अथवा पीडिताचे वर्णन जातीने करू नये, असे तो सांगतो. अर्थात संबंध असेल तेथे ती सांगितली पाहिजे, हेही त्यातून निघते. आपण नियमाची दोन्ही अंगे उलटी पाळतो. याचे एक कारण व्यवहाराचे आहे: तालुक्याच्या बातमीदाराला पोलीस ठाण्यातून मिळणारी फिर्याद हीच बहुधा त्याची एकमेव सामग्री असते, आणि त्याची मिळकत गावातील ज्या वजनदार मंडळींच्या जाहिरातींवर अवलंबून असते, त्यांच्याच भावकीविरुद्ध लिहिण्याची पाळी त्याच्यावर येते. त्या बातमीदाराला मी दोष देत नाही. त्याला एकटे सोडणाऱ्या संपादकाला देतो.

नोव्हेंबर २०१७ मध्ये अहमदनगरच्या न्यायालयात एकाच आठवड्यात दोन निकाल लागले. २३ तारखेला खर्ड्याच्या खटल्यातील आरोपी निर्दोष सुटले. २८ एप्रिल २०१४ रोजी तेथे एका सतरा वर्षांच्या दलित मुलाला सवर्ण मुलीशी बोलल्याच्या रागातून मारण्यात आले होते, आणि साक्षीदार एकामागून एक फितूर झाले. २९ तारखेला कोपर्डीच्या मराठा मुलीवरील अत्याचार आणि खुनाबद्दल तिघा दलित आरोपींना फाशीची शिक्षा झाली. कोपर्डीच्या मुलीसाठी लाखो लोक मूकपणे चालले, ते तिच्या हक्काचे होते. परंतु त्याच मोर्चांत ॲट्रॉसिटी कायद्यात बदल करण्याची मागणी झाली. एका गुन्ह्यातील आरोपींच्या जातीवरून साऱ्या दलितांच्या संरक्षक कायद्यावर संशय घेतला गेला, आणि या दोहोंमधील तर्काची दरी किती खोल आहे हे बहुसंख्य वृत्तांतांनी वाचकाला दाखविले नाही. खर्ड्याचे साक्षीदार कोणाच्या भयाने फिरले, हे शोधण्यासाठी किती बातमीदार त्या गावात मुक्कामाला राहिले?

जिल्हा आवृत्तीत कांद्याचे भाव रोज छापले जातात, तसा ॲट्रॉसिटीच्या खटल्यांच्या तारखांचा एक छोटा रकाना दर आठवड्यास छापावा, अशी माझी नगरच्या संपादकांना विनंती आहे: कोणता खटला, कोणत्या न्यायालयात, पुढची तारीख कोणती, आजवर किती साक्षीदार तपासले आणि त्यांपैकी किती फिरले. ही सर्व माहिती न्यायालयाच्या दप्तरात असते; ती नेमाने आणण्यासाठी एक माणूस आणि आठवड्यातला एक दिवस पुरेसा आहे.