तहान लागण्यापूर्वी

तहान लागल्यावर विहीर खणू नये, असे आपल्याकडे म्हणतात. अमेरिकेत हा उपदेश फारच मनावर घेतलेली काही मंडळी आहेत. त्यांना 'प्रेपर' म्हणतात. उद्या युद्ध पेटले, वीज गेली, दुकाने ओस पडली तर तग कसा धरायचा, या चिंतेने ती तळघरात वर्षभराचे धान्य साठवतात. राहण्यासाठी जिल्हा निवडतानाही तिथले पाणी किती, जमीन कशी, वस्ती किती दाट, अशा कसोट्या लावतात. हे वाचून प्रथम हसू आले. मग वाटले, याच कसोट्या आपल्या जुहूला लावून पाहिल्या तर?

पहिली कसोटी पाण्याची. आपल्याकडे वर्षाला सरासरी २,२०० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. १०० चौरस मीटरच्या गच्चीवर पडणारे पाणी सव्वादोन लाख लिटरांच्या घरात जाते. माणशी दिवसाला १३५ लिटर धरले तर पाच माणसांच्या कुटुंबाला वर्षाला सुमारे अडीच लाख लिटर लागतात. म्हणजे जवळजवळ भागले की! परंतु पाऊस चार महिने पडतो आणि तहान बारा महिने लागते. उरलेल्या आठ महिन्यांसाठी १,६२,००० लिटर साठवायचे, तर दहा फूट लांब, रुंद आणि उंच अशा सहा खोल्या नुसत्या पाण्याने भराव्या लागतील. शिवाय इमारत सात मजली असेल तर गच्ची एक आणि कुटुंबे निदान सात! विहीर म्हणावी, तर समुद्राकाठी गोड्या पाण्याचा थर खाऱ्या पाण्यावर तरंगत असतो. उपसा वाढला की खारे पाणी आत शिरते.

दुसरी कसोटी अन्नाची. पाच माणसांना वर्षाला पाचसहा क्विंटल तांदूळ लागतो. कोकणात एकरी दहाबारा क्विंटल भात पिकते, त्याचा सातआठ क्विंटल तांदूळ होतो. म्हणजे कुटुंबाला एक एकर पुरे, असे ढोबळमानाने धरू. आता हिशेब पाहा. मुंबई उपनगर जिल्ह्याचे क्षेत्रफळ सुमारे ४४६ चौरस किलोमीटर, म्हणजे एक लाख दहा हजार एकर. २०११ च्या जनगणनेत येथील लोकसंख्या ९३ लाखांहून अधिक होती, म्हणजे साडेअठरा लाख कुटुंबे. बोरिवलीचे जंगल तोडले, विमानतळ नांगरला आणि आपले महाविद्यालय पाडून तिथे चिखलणी केली, तरी सतरा कुटुंबांतल्या एकाच्याच पानात भात पडेल!

तेव्हा परीक्षेचा निकाल उघड आहे. जुहू नापास.

परंतु ज्यांनी या भूमीवर पूर्वी निभावले, त्यांच्याकडे पाहिल्यावाचून हा निकाल मी मान्य करणार नाही. एके काळी जुहू हा वाळूचा चिंचोळा पट्टा होता. ओहोटीच्या वेळी चिखलातून चालत साष्टीत जाता येई. आजही येथे कोळीवाडा आहे. कोळणींना प्रेपर हा शब्द ठाऊक नसेल, पण आगोट ठाऊक आहे. जून-जुलैत होड्या किनाऱ्याला लागणार, म्हणून उन्हातच बोंबील, जवळा, सुकट वाळवून डबे भरून ठेवायचे. आपल्याही घरी आजी पापड, कुरडया, सांडगे घालतेच. ही बेगमी भीतीपोटी केलेली नव्हे. ती ऋतूची ओळख आहे. आणि ती एकट्याने होत नाही. पापड लाटायला चार घरच्या बायका लागतात.

बेगमीला मात्र जागा लागते आणि पैसाही. येथील बंगल्यांत वर्षाचे धान्य सहज मावेल. पण नेहरूनगरच्या झोपडपट्टीत एका खोलीत सहा माणसे राहतात. तेल रोजच्या रोज आणणाऱ्या घराला तुम्ही साठवण करा असे सांगणे, ही थट्टा झाली. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी जाहीर झाली तेव्हा हे सर्वांनी पाहिले. ज्यांच्याकडे कपाटे होती त्यांनी ती भरली. ज्यांच्याकडे नव्हती, त्यांतले कित्येक पायी गावाकडे निघाले.

याउलट २६ जुलै २००५ चा दिवस. सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्या रात्री अडकलेल्यांना कोणी तळघर दिले नाही. अनोळखी लोकांनी दारे उघडली, चहा केला, जमिनीवर सतरंज्या अंथरल्या. वडीलधारी माणसे ही आठवण सांगतात तेव्हा मला वाटते, जुहू ज्या कसोटीवर उत्तीर्ण झाले ती प्रेपरांच्या यादीत नाहीच.

स्वयंपूर्ण खेड्याचा पुरस्कार करणारे गांधीजी १९२४ मध्ये प्रकृती सुधारण्यासाठी याच जुहूत राहिले होते. त्यांनाही खेडे मुख्य गरजांपुरते स्वावलंबी आणि बाकीच्या बाबतीत परस्परावलंबी हवे होते. दुसरीकडे डॉ. आंबेडकरांनी १९४८ मध्ये घटना समितीत खेड्याच्या या गौरवावर कडक टीका केली. कुंपणाआतल्या स्वयंपूर्णतेत कोणाला विहिरीवर पाणी भरू देत नाहीत, हे त्यांना पुरते ठाऊक होते. दोघांचे ऐकले तर एवढे निश्चित होते, की दार लावून घेणे म्हणजे स्वावलंबन नव्हे.

आणि आपण खरोखर कोणाच्या जिवावर जगतो? विहार आणि तुळशी हे तलाव आपल्या जिल्ह्यात आहेत, पण त्यांचा वाटा फार थोडा. बाकीचे पाणी तानसा, वैतरणा, भातसा येथून, ठाणे, पालघर आणि नाशिक जिल्ह्यांतून येते. ज्या शहापूर तालुक्यात तानसा आणि भातसा आहेत, तेथील कित्येक पाड्यांना एप्रिल-मेमध्ये टँकरची वाट पाहावी लागते. म्हणजे आपल्या नळाला पाणी आहे म्हणून त्यांच्या हंड्याला नाही, असेच ना?

माझ्या मते जुहूकराने तळघर बांधू नये. गच्चीवरचे पाणी वाहून जाऊ देऊ नये, शेजाऱ्याचे नाव माहीत करून घ्यावे, रेशन दुकान नीट चालते की नाही हे पाहावे. आपल्या महाविद्यालयापुरते बोलायचे, तर गच्चीचे पाणी टाकीत घेऊन निदान बागेला आणि स्वच्छतागृहांना वापरणे फारसे अवघड नाही. प्राचार्यांनी मनावर घ्यावे, विद्यार्थी खणायला येतील. तेवढे लिटर भातसाकाठच्या एखाद्या हंड्यासाठी आपण मागे ठेवले, असे म्हणण्याचा हक्क मग आपल्याला मिळेल. ते पाणी तिथवर पोचवण्याची मागणीही मग आपणच करायला हवी.