मशीन चावते तेव्हा

लेण्याद्रीच्या पायथ्याशी, गोळेगावच्या बाजूस असलेल्या एका घरी गेल्या उन्हाळ्यात जाण्याचा योग आला. घराच्या मागील मोरीत वरून उघडणारे स्वयंचलित वॉशिंग मशीन होते आणि त्याच्यासमोर एक जुना लाकडी पाट ठेवलेला होता. सत्तरी ओलांडलेल्या आजी कपडे काढण्यापूर्वी त्या पाटावर चढल्या, एका हाताने भिंत धरली आणि मग दुसरा हात मशीनमध्ये घातला. पाट कशासाठी, असे विचारल्यावर त्या सहजपणे म्हणाल्या, "अहो, ते चावतं ना! पाटावर उभं राहिलं की नाही चावत." घरातील कोणालाही यात काही वावगे वाटत नव्हते. सूनबाई रबरी चपला घालून कपडे काढीत, मुलगा मशीनला हातच लावीत नसे आणि आजींनी पाट शोधून काढला होता. मशीनचा दोष सर्वांनी आपापल्या परीने अंगवळणी पाडून घेतला होता.

वाचकहो, आपल्याही घरी असा एखादा पाट असेल तर आजचे हे सदर आपल्यासाठीच आहे. वॉशिंग मशीनची निगा म्हटली की साबण कोणता वापरावा, गाळणी कधी धुवावी, हेच प्रश्न पुढे येतात. त्यांचाही विचार करू. परंतु वृद्ध माणूस, ओले हात, ओली फरशी आणि २३० व्होल्टचा वीजपुरवठा जेथे एकत्र येतात, तेथे पहिला प्रश्न अर्थिंगचा असतो.

प्रथम 'चावणे' म्हणजे काय ते पाहू. आधुनिक स्वयंचलित मशीनमध्ये विजेतील गोंगाट गाळणारा एक छोटा भाग असतो. त्यातून मशीनच्या पत्र्याकडे अत्यल्प प्रवाह सतत झिरपत असतो. मशीन निर्दोष असले तरी तो झिरपतो. प्लगच्या तिसऱ्या पिनेवाटे त्याने मुकाट्याने जमिनीत जावे, अशीच योजना असते. ती वाट बंद असेल तर पत्रा मुख्य पुरवठ्याच्या साधारण निम्म्या, म्हणजे सुमारे ११५ व्होल्टच्या पातळीवर तरंगत राहतो आणि ओल्या हाताला झिणझिण्या येतात. हा प्रवाह मिलिअँपिअरच्या अंशाइतका असल्याने तेवढ्याने सहसा इजा होत नाही. म्हणूनच घरोघरी त्याकडे दुर्लक्ष होते. पण त्या झिणझिण्या एक निश्चित वार्ता देत असतात : आपल्या घरातील तिसरी पिन कोठेही जोडलेली नाही. उद्या आतल्या तारेचे आवरण फाटले, उंदराने ती कुरतडली किंवा पाणी तापवणाऱ्या कॉइलमध्ये पाणी शिरले, तर त्याच पत्र्यावर पूर्ण २३० व्होल्ट येतील. शरीरातून साधारण १० मिलिअँपिअरहून अधिक प्रवाह गेला की हाताचे स्नायू आखडतात आणि धरलेली वस्तू सोडता येत नाही. ३० मिलिअँपिअरच्या पुढे हृदयाच्या लयीला धोका सुरू होतो. कोरड्या कातडीचा विजेला बराच विरोध असतो. भिजलेल्या हातांचा आणि अनवाणी ओल्या पायांचा तो फार कमी असतो.

प्लग हातात घेऊन पाहा. तीन पिनांपैकी वरची पिन अधिक लांब आणि जाड असते. लांब यासाठी, की प्लग खोचताना ती सर्वांआधी जोडली जावी आणि काढताना सर्वांत शेवटी सुटावी. जाड यासाठी, की ती चुकूनही दुसऱ्या छिद्रात शिरू नये. इतक्या विचाराने घडवलेली ही पिन कित्येक घरांत सॉकेटच्या मागे तारेविना लोंबकळत असते.

आपल्या जुन्नर-आंबेगावच्या पट्ट्यात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. लेण्याद्रीची लेणी, त्यांतील पाण्याची टाकी आणि गिरिजात्मजाचे मंदिर ज्या काळ्या पाषाणात कोरले आहे, तो बेसाल्ट दोन हजार वर्षे ऊन-पाऊस सोसून उभा राहिला. मात्र हाच अखंड, कोरडा खडक वीज जमिनीत मुरवून घेण्यास नाखूष असतो. नदीकाठच्या काळ्या, ओलसर मातीत अर्थिंग जितके सहज लागते, तितके ते डोंगराच्या कुशीतील मुरमाड जागेत लागत नाही. पावसाळ्यात जे अर्थिंग ठीक असते, तेच एप्रिल-मे महिन्यांत माती वाळल्यावर निकामी होऊ शकते. आजींचे मशीन उन्हाळ्यात अधिक 'चावते', अशी सूनबाईंची तक्रार होती. तिचे कारण इथेच असावे असे मला प्रथम वाटले.

वायरमनने पाहिल्यावर गोष्ट वेगळीच निघाली. घराला अर्थिंगचा खड्डाच नव्हता. मोरीतील सॉकेटची अर्थिंगची तार भिंतीतून निघून नळाच्या जुन्या लोखंडी पाइपला गुंडाळलेली होती आणि तो पाइप पुढे दोन हातांवर प्लॅस्टिकच्या पाइपला जोडलेला होता. याचा अर्थ, मशीनमध्ये बिघाड झाला असता तर वीज जमिनीत न जाता मोरीच्या नळाला आली असती! दुसरी पळवाट याहून वाईट आहे. सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थिंगच्या टोकांना एका तुकड्याने जोडून दिले जाते. झिणझिण्या लगेच थांबतात, घरचे समाधानी होतात. पण बाहेर कोठे न्यूट्रलची तार तुटली की मशीनचा सगळा पत्राच जिवंत होतो. तेव्हा वायरमनला 'झिणझिण्या थांबवून दे' असे सांगू नका. 'स्वतंत्र अर्थिंग करून दे आणि मोजून दाखव' असे सांगा.

अर्थिंगचा खड्डा घरच्या पायापासून किमान दीड मीटर दूर आणि शक्यतो ओल टिकणाऱ्या मातीत असावा. परसबागेची कड ही चांगली जागा. खडक लवकर लागत असेल तर एकाच जागी हट्टाने खोल जाण्यापेक्षा एकाहून अधिक रॉड अंतराअंतरावर घालून एकमेकांना जोडतात किंवा पट्टी आडवी पुरतात. कोळसा व मीठ घातलेल्या पारंपरिक खड्ड्याला उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा बादलीभर पाणी घालण्याचे काम घरातील ज्येष्ठांनी आनंदाने आपल्याकडे घ्यावे. तुळशीला पाणी घालताना तेही होऊन जाते.

एवढे करूनही आपल्या भागात केवळ अर्थिंगवर विसंबता येत नाही. याचा हिशेब सोपा आहे. खडकाळ जमिनीमुळे अर्थिंगचा विरोध ५० ओहम राहिला असे धरू. बिघाड झाल्यास त्यातून २३० भागिले ५०, म्हणजे सुमारे साडेचार अँपिअर प्रवाह वाहील. मोरीच्या पॉइंटचा १६ अँपिअरचा एमसीबी एवढ्या प्रवाहाला हसतखेळत वाहू देईल, तो पडणारच नाही आणि पत्रा जिवंतच राहील. एमसीबी वायरिंगचे रक्षण करतो, माणसाचे नाही. माणसासाठी आरसीसीबी नावाचे निराळे उपकरण असते. फेजमधून गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून तेवढाच परत येतो की नाही, यावर ते लक्ष ठेवते आणि ३० मिलिअँपिअरची तफावत दिसताच सेकंदाच्या अंशात पुरवठा तोडते. विकत घेताना '३० मिलिअँपिअर' हा आकडा पाहूनच घ्यावे. १०० किंवा ३०० चे उपकरण या कामाचे नाही. त्यावर 'टी' अक्षराची एक कळ असते. महिन्यातून एकदा ती दाबावी. खटका पडला पाहिजे. मात्र ही चाचणी आरसीसीबी जिवंत असल्याची आहे, अर्थिंग चांगले असल्याची नाही, हे ध्यानात असू द्यावे. आणि खटका वारंवार पडतो म्हणून तो कायमचा बाजूला काढून टाकणाऱ्या कारागिराला चहा पाजून निरोप द्यावा.

हृदयाची लय बिघडल्यास आतून झटका देणारे आयसीडी हे उपकरण ज्यांच्या छातीत बसवलेले आहे, त्यांच्यासाठी झिणझिण्यादेखील क्षुल्लक नाहीत. अर्थिंग नसलेल्या वॉशिंग मशीनला स्पर्श होताच झिरपणाऱ्या विजेची लहर म्हणजे हृदयाचीच बिघडलेली लय, असे समजून या उपकरणाने विनाकारण झटका दिल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. पेसमेकर अथवा आयसीडी असलेल्यांनी अर्थिंगची खात्री होईपर्यंत मशीन दुसऱ्यास हाताळू द्यावे. अर्थिंग योग्य असल्यास मशीन वापरण्यास सहसा अडचण नसते. तरी आपल्या हृदयरोगतज्ज्ञांना एकदा विचारावे.

शेतालगतच्या घरांत उंदरांचा बंदोबस्त हाही वीजसुरक्षेचाच भाग आहे. मशीनचा तळ उघडा असेल तर त्याला जाळी किंवा तळपत्रा बसवून घ्यावा. एक्स्टेंशन बोर्ड मोरीत कदापि नको. पाणी तापवणाऱ्या मशीनला १६ अँपिअरचाच पॉइंट हवा. वळवाच्या पावसात विजा कडाडू लागण्याची चिन्हे दिसताच, त्या सुरू होण्यापूर्वी, प्लग काढून ठेवावा. आणि एक सवय आजपासूनच लावावी : भिंतीवरचे बटण बंद, मगच हात आत.

अर्धस्वयंचलित मशीन असेल तर त्याचा पिळणारा छोटा डबा विशेष जपण्यासारखा. झाकण उघडताच तो काही क्षणांत थांबला पाहिजे. उघडल्यानंतरही फिरत राहत असेल तर ब्रेक झिजला आहे. दुरुस्त होईपर्यंत तो वापरू नये. फिरत्या डब्यात गेलेला लुगड्याचा पदर किंवा ओढणी बोटांना सोबत घेऊन जाते. पदर आधी खोचावा, बांगड्या मागे साराव्यात.

घरात अंथरुणाला खिळलेले कोणी असेल तर कपड्यांचा भार वाढतो आणि तो बहुधा सुश्रूषा करणाऱ्या एकाच व्यक्तीच्या कमरेवर येतो. मळलेल्या चादरी हातमोजे घालून, झटकल्याशिवाय उचलाव्यात, घाण शौचालयात टाकावी आणि त्या इतर कपड्यांत न मिसळता धुवाव्यात. मशीनमध्ये गरम पाण्याची सोय असेल आणि कापडाला चालत असेल तर ६० अंशांवर धुवून उन्हात वाळवाव्यात. गोधडी मात्र घरच्या मशीनमध्ये घालू नये. पाणी पिऊन ती इतकी जड होते की ड्रमचा तोल जातो, आणि काढणाऱ्याचाही. ओले कपडे एकदम न उपसता दोन-दोन काढावेत. शेजारी कंबरेच्या उंचीचे स्टूल ठेवून बादली त्यावर ठेवल्यास वाकणे निम्मे होते. फरशीवर सांडलेले पाणी आधी पुसावे. आजींचा तो पाट विजेपासून थोडेफार रक्षण करीत असेलही, परंतु ओल्या फरशीवर त्यावरून पाय निसटून खुब्याचे हाड मोडण्याची शक्यता त्याहून अधिक होती.

द्राक्ष आणि टोमॅटोच्या या प्रदेशात औषध फवारून आलेल्या कपड्यांविषयी दोन शब्द लिहिणे आवश्यक आहे. ते घरच्या कपड्यांच्या ढिगात पडू नयेत. ज्याने फवारले त्यानेच ते वेगळ्या पिशवीत ठेवावेत, त्याच दिवशी भरपूर पाण्यात स्वतंत्र धुवावेत आणि नंतर मशीन एकदा रिकामे फिरवावे. आजी-आजोबांनी किंवा नातवंडांनी त्यांना उघड्या हातांनी स्पर्श करू नये.

बोअरवेलच्या जड पाण्याने ड्रमवर आणि कॉइलवर पांढरा थर साचतो. महिन्या-दोन महिन्यांनी लिंबूसत्त्व घालून मशीन रिकामे चालवल्यास तो सुटतो. मात्र त्याच फेरीत ब्लीच किंवा ब्लीचिंग पावडर कधीही घालू नये. आम्ल आणि ब्लीच एकत्र आले की क्लोरीन वायू निघतो आणि बंद मोरीत तो दम्याच्या रुग्णाला फार महाग पडतो. गाळणी पंधरवड्याला धुवावी, झाकण वापरानंतर उघडे ठेवावे; घरात लहान मूल असल्यास समोरून उघडणारे दार उघडे न टाकता किंचित फटीवर राहील असे पाहावे.

आता, दुर्दैवाने कोणाला शॉक बसलाच आणि हात मशीनला चिकटून राहिला तर त्या व्यक्तीस धरून ओढू नका. आधी मेन स्विच बंद करा. तो कोठे आहे हे घरातील प्रत्येकाला, आजी-आजोबांनाही, अंधारात सापडेल इतके ठाऊक असावे. स्विचपर्यंत पोहोचता येत नसेल तर कोरड्या जागी उभे राहून कोरड्या लाकडी काठीने हात दूर सारा. व्यक्ती बेशुद्ध असून श्वास घेत नसेल तर १०८ क्रमांकावर फोन लावा, तो चालू ठेवून छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० या वेगाने जोरात दाब देत राहा. आणि व्यक्ती उठून बसली, 'काही झालं नाही, जरा चहा द्या' असे म्हणाली, तरी साठीच्या पुढील माणसाचा ईसीजी त्याच दिवशी काढून घ्या.