जुन्या शिराताकीचे स्टेशन

2016 सालच्या जानेवारीत जपानातील एका आडबाजूच्या रेल्वेस्टेशनाची हकीकत जगभर पसरली. आमच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या कानी ती आलीच असेल. केवळ एका शाळकरी मुलीसाठी रेल्वेने स्टेशन बंद करणे लांबणीवर टाकले. ती सकाळी 7 वाजून 4 मिनिटांच्या गाडीने जाते, सायंकाळी 5 वाजून 8 मिनिटांच्या गाडीने परतते, आणि तिचे शिक्षण संपले की स्टेशनास कुलूप लागणार! स्टेशनाचे नाव कामी-शिराताकी असे सांगण्यात आले. गोष्ट गोड खरी. पण खरी किती, हे पाहण्याची तसदी फार थोड्यांनी घेतली.

मुलगी होती. परंतु ती गाडीत चढे ते स्टेशन त्याच मार्गावरील क्यू-शिराताकी. दिवसास एक जाणारी व एक येणारी गाडी, हे वेळापत्रक कामी-शिराताकीचे. ते उचलून कोणीतरी मुलीस चिकटविले. तिच्या स्टेशनावर परतीच्या तीन गाड्या थांबत असत. स्टेशने बंद करण्याचे रेल्वेने ठरविले ते उतारूच उरले नाहीत म्हणून. जपानात नवे वेळापत्रक मार्च महिन्यात लागू होते आणि शाळेचे वर्षही मार्चमध्येच संपते. योग काय तो एवढाच.

या स्टेशनाचा खरा इतिहास त्या गोष्टीहून हृद्य आहे असे आम्हास वाटते. शिराताकी म्हणजे शुभ्र धबधबा, व क्यू म्हणजे जुना. होक्काइडो या उत्तरेकडील बेटावर, दाट अरण्यात, 1912 साली वाकायामा प्रांतातील 54 कुटुंबे वसाहत करण्यास आली. त्यांचे पुढारी मोरिहेई उएशिबा. हेच पुढे आयकिदो या युद्धकलेचे प्रवर्तक म्हणून विख्यात झाले. 1929 साली पूर्वेकडून शिराताकीपर्यंत रूळ आले, आणि 1932 साली घाटात बोगदा पाडून ते पश्चिमेकडील कामिकावास जोडण्यात आले. क्यू-शिराताकीस मात्र 1947 साली मिळाला तो नुसता तात्पुरता थांबा. तात्पुरता, आणि टिकला चाळीस वर्षे! सरकारी रेल्वेची वाटणी झाली त्या 1 एप्रिल 1987 रोजी त्यास स्टेशनाचा दर्जा लाभला. लहानसा फलाट, एक लाकडी खोली, आणि हिवाळ्यात चोहोंकडे बर्फ.

रेल्वेच्या ममतेची कथा सांगता सांगता, ही वस्ती ओस का पडली हा प्रश्न कोणी विचारला नाही, हे आम्हास खटकते. तरुण माणसे शहराकडे गेली, मुले उरली नाहीत, आणि ज्या गाडीतून गाव वाढावयाचे तिच्यातूनच ते निघून गेले.

26 मार्च 2016 पासून कामी, क्यू व शिमो, म्हणजे वरची, जुनी व खालची, ही शिराताकीची तिन्ही स्टेशने बंद झाली. मधले शिराताकी तेवढे राहिले आहे. तेथून निघालेल्या गाडीस कामिकावापर्यंतच्या 37.3 किलोमीटरांत आता एकही स्टेशन लागत नाही.