पुस्तकांचा वाली कोण?

बिहारशरीफच्या मदरसा अजीजियाचे ग्रंथालय २०२३ मध्ये रामनवमीच्या वेळी उसळलेल्या दंगलीत जाळण्यात आले. हजारो ग्रंथांची राख झाली. देशभर निषेध झाला. तो व्हायलाच हवा होता, आम्हीही केला. पण आग न लागताही पुस्तके मरतात, त्याचे काय? वाळवीने, गळक्या छपराने आणि विश्वस्तांच्या भांडणाने आपल्याच मोहल्ल्यांतली वाचनालये मरतात. त्यांच्यासाठी निषेधसभा होत नाही, कारण तिथे बोट आपल्याकडेच वळते.

आमच्या परिचयातील एका वाचनालयाची गोष्ट सांगतो. नाव घेत नाही. चार कपाटे आहेत. त्यांत जुनी उर्दू नियतकालिके, शायरांच्या हस्तलिखित बयाजा, मोडी आणि फारसीतले कागद. संस्थापक वारले. मुलगा म्हणतो, ही अब्बांची पुस्तके, म्हणून आमची. जमात म्हणते, खोली मशिदीची, म्हणून आतला मालही मशिदीचा. विश्वस्त म्हणतात, सगळे ट्रस्टचे. आता हे विश्वस्त कोण? धर्मादाय कार्यालयाच्या नोंदीत सात नावे आहेत, त्यातले पाच जण कब्रस्तानात आहेत. दाराला तीन कुलपे आहेत आणि तीन किल्ल्या तीन घरांत. संशोधन करणारी एक विद्यार्थिनी महिनाभर फेऱ्या मारून हात हलवीत परत गेली. तिला परवानगी द्यायची तर सही कुणी करायची, हेच ठरेना. आणि आत नेमके काय आहे हे तिन्ही पक्षांना ठाऊक नाही, कारण दाखल नोंदवहीच नाही.

यावर ठरलेले उत्तर मिळते : "साहेब, ही खिदमत आहे. इथे सगळे विश्वासावर चालते." आमचा सवाल आहे, विश्वास ठेवणारी माणसे गेल्यावर विश्वास कुठे राहतो? कुराणातील सर्वांत लांब आयत, सूरा बकरामधील २८२ वी, उधारीचा व्यवहार लिहून ठेवा आणि साक्षीदार ठेवा, असे सांगते. घेण्या-देण्याच्या पैशासाठी एवढी काळजी सांगणाऱ्या धर्माचे आपण अनुयायी, आणि शंभर वर्षांचा ठेवा मात्र तोंडी सोडून देतो!

शब्दही आपल्याकडे आहेत. कुणी पुस्तके कायमची दिली आणि आपण स्वीकारून ताब्यात घेतली, तर तो हिबा. सांभाळायला ठेवली, तर अमानत. मागितली की परत द्यायची. लोकांसाठी कायमची अर्पण केली, तर वक्फ. हनफी फिक्हमध्ये इमाम मुहम्मद यांनी, जिथे तसा रिवाज आहे तिथे, पुस्तकांसारख्या जंगम वस्तूंचा वक्फही मान्य केला. या तीन शब्दांपैकी कोणता लागू, हे देणगीच्या दिवशी एका पावतीवर लिहिले असते, तर वरच्या भांडणाला जागाच उरली नसती. २०२५ च्या दुरुस्तीने नवा वक्फ करायला लेखी वक्फनामा बंधनकारक केला आहे. त्या दुरुस्तीशी आमचे अनेक मतभेद आहेत, पण तोंडी कारभाराचे दिवस संपले एवढे तरी ओळखू या.

दुसरे उत्तर असे की, कागद केले की सरकार हात घालते. उलट आहे. ज्याचे कागद नाहीत, त्याच्यावरच कुणीही हात टाकतो. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेच्या १९५० च्या कायद्यातील कलम ३६ हे जमीन-इमारत विकायला धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी मागते. कपाटातल्या हस्तलिखिताला ते कुंपण नाही. ते पिशवीत घालून कुणीही नेऊ शकतो. म्हणून हे कुंपण आपल्या नियमावलीनेच घालावे लागेल. आम्ही शिक्षक आहोत. शाळेतला मोडका बाकसुद्धा जडवस्तू नोंदवहीत असतो आणि निर्लेखनाची मंजुरी मिळाल्याशिवाय भंगारात जात नाही. बाकाला जे संरक्षण आहे, ते बयाजाला नसावे?

पाटण्याच्या खुदाबख्श खानांनी १८९१ मध्ये रीतसर न्यासपत्र करून आपला ग्रंथसंग्रह लोकांना दिला. १९६९ मध्ये संसदेने कायदा करून ते ग्रंथालय राष्ट्रीय महत्त्वाची संस्था ठरवले. ते मोठे वकील होते, श्रीमंत होते, हे खरे. पण न्यासपत्र करायला श्रीमंती लागत नाही. 'हे माझे नाही' असे स्वतःच्या हयातीत लिहून देण्याची नियत लागते.

आमच्या मागण्या साध्या आहेत. प्रत्येक पुस्तकाला दाखल क्रमांक आणि देणाऱ्याचे नाव हवे. हिबा, अमानत की वक्फ हे लिहिलेले हवे. खोली जमातीची असेल तर तिच्याशी लेखी करार करा : जागा तुमची, संग्रह ट्रस्टचा. विश्वस्त वारला किंवा बदलला की ९० दिवसांत बदल अर्ज द्या. विश्वस्तपदाला मुदत असावी, एका घरातले दोघे नसावेत, बायका जरूर असाव्यात. संग्रहाची छायाचित्रे कुणी काढून नेली तर एक प्रत संस्थेकडे राहील, हे आधी ठरवा. आणि संस्था बंद पडली तर संग्रह कुणाकडे जाईल हे आजच लिहा. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्यानुसार बंद पडलेल्या संस्थेची मालमत्ता सभासदांना वाटून घेता येत नाही; ती दुसऱ्या संस्थेकडे जावी लागते. ती संस्था आपण निवडायची की रद्दीवाल्याने?

१९९० मध्ये सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. तेव्हापासून आपण म्हणत आलो की, मराठी संस्कृतीतला आमचा वाटा इतिहासाने नोंदवला नाही. 'योगसंग्राम' लिहिणारे शेख महंमद, गीतेवर मराठी टीका लिहिणारे हुसेन अंबरखान ही नावे आपण व्यासपीठावरून अभिमानाने घेतो. ती आज घेता येतात, कारण कुणीतरी ती बाडे जपली. उद्याच्या अभ्यासकाला पुरावा लागेल, आणि पुरावा आपल्याच कुलपांमागे कुजत असेल, तर दोष इतरांना देता येणार नाही. खुर्चीवरच्या बुजुर्गांना आमची अदबीने विनंती आहे : कुलपे काढा, नोंदवही उघडा, आणि पहिल्या पानावर लिहा की हा संग्रह आमच्यापैकी कुणाचाही नाही.